झोप हा हक्क आहे : आपलाही, शेजाऱ्याचाही

(नंदुरबार येथील युवक-युवती शिबिरात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



सकाळपासून इथे शिक्षणावर, रोजगारावर, संविधानावर बोलणं झालं. आता माझा विषय ‘झोप’ असा जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेत हसू आलं. येणारच. जेवणानंतरचं सत्र आहे, काहींचं प्रात्यक्षिक सुरूही झालं असेल. पण मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, आणि गेली काही वर्षं सकाळी साडेसातच्या तासाला माझ्यासमोर जे चेहरे बसतात ते पाहून मला वाटू लागलं आहे, की हा विषयही शिक्षणाचा, रोजगाराचा आणि संविधानाचाच आहे.

आपली भाषा बघा. मेहनती माणसाचं कौतुक करताना आपण म्हणतो, ‘त्याने रात्रीचा दिवस केला.’ जो वेळेवर झोपतो त्याला कुंभकर्ण म्हणतो. एमपीएससी करणारा मुलगा ‘चार तासच झोपतो’ हे अब्बा पाहुण्यांना अभिमानाने सांगतात. झोप म्हणजे वाया गेलेला वेळ, ही समजूत आपल्या बोलण्यातच मुरलेली आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या संशोधनाने ती खोटी ठरवली आहे.

आधी शरीरात काय घडतं ते थोडक्यात. झोप दोन गोष्टींनी ठरते. पहिली म्हणजे झोपेचा दाब. आपण जितका वेळ जागे असतो, तितकं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि डोळे जड होतात. चहातलं कॅफिन हे अ‍ॅडेनोसिन काढून टाकत नाही. ते फक्त त्याच्या जागी जाऊन बसतं आणि मेंदूला थकव्याचा निरोप पोहोचू देत नाही. रात्री दहाला नाक्यावर घेतलेल्या कटिंगमधलं निम्मं कॅफिन मध्यरात्रीनंतरही, साधारण तीन-चार वाजेपर्यंत, अंगात असू शकतं. वीस रुपयांच्या एनर्जी ड्रिंकचंही तेच. तिथे ताकद मिळत नाही, उधारी मिळते.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं घड्याळ. मेंदूच्या तळाशी काही हजार पेशींचा एक पुंजका आहे. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून तो दिवस-रात्र ओळखतो आणि सगळ्या शरीराला वेळ सांगतो. पेशींच्या आत हे घड्याळ कसं चालतं हे फळमाशीवर काम करून उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. साखर कधी पचवायची, रक्तदाब कधी उतरवायचा, कोणतं संप्रेरक कधी सोडायचं, हे सगळं या घड्याळाशी बांधलेलं आहे. रात्री एक वाजता तोंडासमोर मोबाइल धरला, की आपण त्या घड्याळाला सांगतो की अजून संध्याकाळ आहे.

मग झोप कमी पडली तर काय होतं? १९९९ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. सहाच रात्रींत त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता इतकी घसरली, की ती मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसासारखी दिसू लागली. भरपूर झोप मिळाल्यावर ती सावरली. भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत, असा अंदाज आयसीएमआरच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी अभ्यासाने २०२३ मध्ये मांडला. मधुमेह फक्त झोपेमुळे होतो असं मी म्हणत नाही. पण साखर कमी करा, चाला, हे सांगणाऱ्या यादीत झोपेचंही नाव हवं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये हृदयाच्या आरोग्याच्या आपल्या मूळ सात सूत्रांत आठवं सूत्र जोडलं, ते झोपेचं.

दुसरा प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, तो पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांचा. काही लोकांना सलग १४ दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. सहा तास म्हणजे आपल्यापैकी अनेकांना पुष्कळ वाटेल. दोन आठवड्यांनी त्यांचं लक्ष आणि प्रतिसादाचा वेग एखाद्याने अख्खी रात्र जागून काढावी तितका खालावला होता, काही चाचण्यांत तर दोन रात्री जागल्याइतका. पण खरी गोष्ट पुढे आहे. त्यांना विचारलं, तर ते म्हणत की थोडी झोप येते, बाकी ठीक आहे. घसरण रोज वाढत होती आणि त्यांना ती जाणवत नव्हती. ‘मला चार तास पुरतात’ असं म्हणणाऱ्या माणसाची साक्ष म्हणूनच ग्राह्य धरता येत नाही. नवापूर-विसरवाडीच्या रस्त्याने, कोंडाईबारी घाटातून रात्री गाडी चालवणारे आपले भाऊ आहेत. ‘मला सवय आहे’ हे त्यांचं वाक्य ऐकाल, तेव्हा हा प्रयोग आठवा.

विज्ञान म्हणजे अखेरचा शब्द नव्हे, हेही इथेच सांगते. २०१३ मध्ये उंदरांवरच्या एका गाजलेल्या अभ्यासाने सांगितलं, की झोपेत मेंदूतल्या पेशींमधली जागा वाढते आणि दिवसभराचा कचरा धुऊन निघतो. हे चित्र इतकं सुंदर होतं, की ते व्हॉट्सअ‍ॅपवर घरोघरी पोहोचलं. २०२४ मध्ये दुसऱ्या एका गटाने उंदरांवरच प्रयोग करून उलटा निष्कर्ष मांडला. त्यांच्या मोजणीत झोपेत ही सफाई मंदावत होती. वाद अजून सुरू आहे. तेव्हा ‘शास्त्रज्ञ म्हणतात’ असा फॉरवर्ड आला, की कोणी, कोणावर, किती जणांवर, हे तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या.

किती झोपावं? प्रौढांना किमान सात तास आणि तेरा ते अठरा वयाच्या मुलामुलींना आठ ते दहा तास, अशी शिफारस आहे. पण अलीकडे तासांइतकंच, कदाचित अधिक, महत्त्व नियमिततेला आलं आहे. ब्रिटनमध्ये साठ हजारांहून अधिक लोकांच्या मनगटावर यंत्र बांधून त्यांच्या झोपेची नोंद घेतली गेली. २०२३ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात, झोपण्या-उठण्याची वेळ ज्यांची ठरलेली होती त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, आणि एकूण तासांपेक्षा हा नियमितपणाच मृत्यूच्या धोक्याशी अधिक घट्ट जोडलेला आढळला. हा संबंध आहे, सिद्ध झालेलं कारण नव्हे. तरी आठवडाभर जागून रविवारी बारापर्यंत लोळणाऱ्यांनी त्यावर विचार करावा.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, हे सगळं शिकागो आणि ब्रिटनचं. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीचं काय? पत्र्याच्या घराचं, मे महिन्यातल्या नंदुरबारचं काय? बरोबर. म्हणून मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा अभ्यास आपल्या देशातला आहे, चेन्नईचा. २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. कमी उत्पन्नाच्या ४५२ स्त्री-पुरुषांच्या झोपेची मनगटावरच्या यंत्राने मोजणी केली. ही माणसं रात्री सुमारे आठ तास अंथरुणावर असत, पण प्रत्यक्ष झोप मिळे साधारण साडेपाच तास. उकाडा, डास, गोंगाट, गर्दी यांनी झोपेचं खोबरं होत होतं. मग त्यांना डोळ्यांवरची पट्टी, कानातले बोळे, पंखा आणि सल्ला दिला. रात्रीची झोप २७ मिनिटांनी वाढली. पण त्या फाटक्या झोपेत आणखी २७ मिनिटं घालून कामात किंवा तब्येतीत लक्षात येण्यासारखा फरक पडला नाही.

याच लोकांपैकी काहींना दुपारी कामाच्याच जागी, शांत खोलीत अर्धा तास पडू दिलं. तेव्हा मात्र त्यांचं लक्ष सुधारलं, मन हलकं झालं, तासाभरात होणारं काम वाढलं. झोपेत गेलेला अर्धा तास हिशेबात धरला, तर न थांबता काम करणाऱ्यांपेक्षा त्यांची कमाई जास्त झाली नाही, हेही खरं. पण नुसता बसून काढलेल्या विश्रांतीपेक्षा हा अर्धा तास नक्कीच फायद्याचा ठरला.

आपल्या घरातल्या दादी-नानींना हे ऐकवलं तर त्या म्हणतील, हा तर कैलुला! दुपारची छोटी झोप ही आपल्याकडे सुन्नत मानली जाते. त्याने सगळं विज्ञान चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितलं होतं असं सिद्ध होत नाही, आणि तसं सिद्ध करण्याची इस्लामला गरजही नाही. मला त्यातून वेगळी गोष्ट दिसते. आपल्या परंपरेत झोपेला कमी लेखलेलं नाही. कुरआनात ती विश्रांती म्हणून आणि अल्लाहच्या निशाण्यांपैकी एक म्हणून येते. रात्रभर इबादत आणि रोज रोजे असा नेम धरलेल्या एका तरुण सहाबींना पैगंबरांनी समजावलं, की तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या डोळ्यांचाही आहे. इशाच्या नमाजनंतर उगाच गप्पा मारत बसणं त्यांना पसंत नव्हतं, हेही हदीसमध्ये येतं. इशानंतर दोन तास नाक्यावर उभे राहून दीनवर चर्चा करणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

रमजानबद्दल नेहमी प्रश्न येतो. सौदी अरेबियातले अहमद बाहम्माम आणि इतरांनी यावर बरंच काम केलं आहे. रमजानमध्ये झोपेची वेळ पुढे सरकते आणि एकूण झोप साधारण तासाभराने कमी होते. पण झोपण्या-उठण्याची वेळ बांधून दिली, तेव्हा निव्वळ रोजामुळे झोपेच्या घडणीत फारसा बिघाड दिसला नाही. म्हणजे झोप मोडतो तो रोजा नाही. झोप मोडतात ती तरावीहनंतरची बाजारातली फेरी, रात्री एकची बिर्याणी आणि सहेरीपर्यंतचा मोबाइल. आखाती देशांत रमजानमध्ये कार्यालयांच्या वेळा बदलतात. आपल्याकडे शाळा, कॉलेज आणि कारखाना आपल्या वेळेवरच सुरू होतात. म्हणून तरावीहनंतर सरळ घर गाठणं आणि जमेल तेव्हा कैलुला, हे आपल्यासाठी अधिक गरजेचं आहे.

आता या घरातल्या झोपेची वाटणी पाहू. सहेरीला सगळ्यांत आधी कोण उठतं? इफ्तारची भांडी घासून सगळ्यांत शेवटी कोण आडवं होतं? अम्मी, भाभी, आपा. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात, आणि जे पुरुष घरकाम करतात ते ८८ मिनिटं. हा सगळ्या देशाचा, सगळ्या धर्मांचा हिशेब आहे. दुपारी पुरुष कैलुला करतात, तेव्हा बाई गहू निवडत असते. मुलांनी सहेरीची भांडी घासली तर घरातल्या एका बाईला अर्धा तास झोप मिळते. सुधारणेच्या गप्पा आपण खूप मारतो, ही एक करून बघण्यासारखी आहे.

आपल्या जिल्ह्यातली किती मुलं ताप्ती लाइनची गाडी पकडून सुरतला जातात, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथल्या यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात, रात्रीच्याही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला ‘माणसात कर्करोगास कारणीभूत असण्याची शक्यता असलेल्या’ गटात २००७ मध्ये घातलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. रात्रपाळी केली की कर्करोग होतोच असं नाही. पण हे काम शरीराच्या घड्याळाविरुद्ध आहे, आणि त्याची किंमत मजूर मोजतो. त्याला ‘लवकर झोप’ असा सल्ला देणं म्हणजे जखमेवर मीठ. पाळी किती तासांची असावी, ती सतत बदलू नये, दिवसा झोपायला अंधारी, शांत जागा मिळावी, या कामगारांच्या मागण्या आहेत आणि आपण त्यांच्या बाजूने बोललं पाहिजे. आणि असा भाऊ सुट्टीवर घरी आला असेल, तर सकाळी दहाला ‘अजून झोपलाय’ म्हणून त्याची चादर ओढू नका.

आता शाळेकडे येते. किशोरवयात शरीराचं घड्याळ एक-दोन तास पुढे सरकतं. सोळा वर्षांच्या मुलाला दहाला झोप येत नाही, हा त्याचा आळस नाही. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली. मुलं उशिरा झोपतील आणि हिशेब तिथेच राहील, असं अनेकांना वाटलं होतं. मोजलं तर मुलांची झोप ३४ मिनिटांनी वाढली होती. आपल्याकडे तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या झोपेचा मुद्दा काढला, आणि ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरलं. चांगलंच झालं. पण घड्याळ पुढे सरकतं ते चौथीनंतर. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळा-कॉलेजांत सकाळची पाळी बहुधा खोल्या कमी म्हणून असते. म्हणजे खोल्यांचा प्रश्न मुलांच्या झोपेतून सोडवला जातो. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. तिथे हा विषय मांडता येतो.

शेवटचा मुद्दा थोडा अवघड आहे, पण आपण अवघड बोलण्यासाठीच जमतो. २०१२ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर रात्री झोपलेल्या लोकांवर झालेल्या पोलीस कारवाईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने झोप ही जगण्याच्या हक्काचा, म्हणजे कलम २१ चा भाग मानली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका ज्येष्ठ नागरिकाची ईडीने रात्रभर केलेली चौकशी चुकीची ठरवली आणि झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे, ती हिरावता येत नाही, असं म्हटलं. हे निकाल आपल्याला आवडतात, कारण सत्तेपासून आपलं रक्षण करतात. पण हक्क शेजाऱ्यालाही असतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालणार नाही, सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. हे मिरवणुकीच्या डीजेला लागू आहे, जागरणाला लागू आहे, उरुसाच्या कव्वालीला, लग्नाच्या वरातीला आणि फजरच्या अजानलाही.

कारवाई एकाच बाजूने होते, अशी तक्रार आपल्याकडे आहे. जिथे तसं होतं तिथे लेखी तक्रार करू, न्यायालयात जाऊ. पण त्या तक्रारीच्या आड आपल्याच मोहल्ल्यातल्या आजारी म्हाताऱ्याची, बाळंतिणीची, दहावीच्या मुलीची झोप लपवू नका. २०२५ मध्ये मुंबईत माहीमच्या जुमा मशिदीसह काही मशिदींनी मोबाइल अ‍ॅपवरून अजान पोहोचवायला सुरुवात केली. ज्याला नमाजला उठायचं आहे त्याच्यापर्यंत हाक जाते. दबावाखाली असो वा स्वखुशीने, वाट निघाली. अशी वाट आपण स्वतःहून काढली तर तिची इज्जत अधिक.

म्हणून माझं मागणं एवढंच. उठण्याची वेळ ठरवा आणि सुट्टीतही ती मोडू नका. फजरला उठणाऱ्यांना ही वेळ आयती मिळाली आहे, त्यांनी फक्त झोपण्याची वेळ सांभाळायची आहे. मोबाइल उशाशी नको, दुसऱ्या टोकाला ठेवा. जमेल तिथे दुपारी वीस-तीस मिनिटं पडा, त्याहून जास्त नको. घरात कोणी जोरात घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल आणि दिवसभर पेंगत असेल, तर ती गाढ झोप नाही, डॉक्टरांना दाखवा. आणि नाक्यावरचा तुमचा कट्टा रात्री साडेदहाला मोडा. त्या नाक्यासमोरच्या खोलीत कुणीतरी पाचला उठून कामावर जाणारं आहे.

रात्रीचा दिवस करायला आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं, कारण गरिबाकडे विकायला वेळच होता. तुमच्या पिढीने रात्र रात्रीसाठी मागून घ्यावी, स्वतःसाठी आणि शेजाऱ्यासाठीही.